परवाना म्हणजे शिकवण्याचा अधिकार नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नऊवारी नेसून उडी मारणाऱ्या शीतल महाजन यांच्यामुळे स्कायडायव्हिंग हा शब्द मराठी घरांत पोहोचला. परवान्यांची गल्लत मात्र कायम आहे. टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून घेतलेली उडी, मारून आलेल्याला आपण सर्रास 'प्रशिक्षित' म्हणतो आणि हजारभर उड्या झालेल्याला 'प्रशिक्षक'. दोन्ही चूक.

अनेक भारतीय अमेरिकेतील यूएसपीए या पॅराशूट संघटनेचे परवाने घेतात, म्हणून तिचेच नियम सांगतो. ए परवान्याला किमान २५ उड्या, बीला ५०, सीला २०० आणि डीला ५०० लागतात. नुसती मोजदाद पुरत नाही. एसाठी मुख्य पॅराशूटची घडी स्वतः घालता यायला हवी, किमान ५ उड्या इतरांसोबत व्हाव्या लागतात आणि कोणाच्या सूचनेविना ५ वेळा लक्ष्यापासून २० मीटरच्या आत उतरावे लागते. बीसाठी मुक्त पतनाची, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसते पडण्याची, ३० मिनिटे भरावी लागतात, शिवाय पाण्यात उतरण्याचा सराव. भिजलेली कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचे कापड, अंगावर पडली की पोहता येणाराही दोऱ्यांत गुरफटतो, म्हणून ही अट.

मात्र डी परवाना खिशात असला तरी शिकवता येत नाही. त्यासाठी वेगळी मान्यता लागते, तिला रेटिंग म्हणतात, आणि तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिली पायरी 'कोच': बी परवाना आणि १०० उड्या. मुक्त पतनात विद्यार्थ्याला धरून शिकवणाऱ्या एएफएफ प्रशिक्षकाला कागदोपत्री सी परवाना पुरतो, पण अट मुक्त पतनाच्या ६ तासांची आहे. १३,००० फुटांवरून मारलेल्या उडीत जेमतेम एक मिनिट मिळते. हिशेब केला तर साडेतीनशेच्या आसपास उड्या होतात. सीच्या २०० केव्हाच मागे पडतात.

एएफएफच्या परीक्षेत परीक्षकच तोल सुटलेल्या विद्यार्थ्याची भूमिका करतो. तो गरगर फिरतो, उलटा होतो, आणि उमेदवाराने त्याला गाठून सरळ करायचे असते. घाईत उमेदवार विद्यार्थ्याच्या खाली निसटला तर खेळ संपला, कारण खालून कोणाला धरता येत नाही.

टँडमचे नियम सर्वांत कडक: डी परवाना, किमान ५०० उड्या, खेळातला ३ वर्षांचा अनुभव, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ज्या बनावटीची टँडम यंत्रणा वापरायची तिचे स्वतंत्र प्रशिक्षण. या शेवटच्या अटीला लोक हसतात, पण तिच्यामागे कारण आहे. दोन माणसांच्या वजनाने वेग बेसुमार वाढू नये म्हणून ड्रोग नावाचे छोटे पॅराशूट आधी सोडतात. शरीर तिरके असताना ते सुटले तर प्रशिक्षकाच्याच हाताला किंवा मानेला अडकू शकते. शिवाय पॅराशूट उघडण्याच्या मुठी कुठे असतात, कोणती कधी ओढायची, हे प्रत्येक बनावटीत थोडे वेगळे असते.

ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील लोडीजवळ टँडम उडीत १८ वर्षांचा तरुण आणि त्याचा प्रशिक्षक दोघेही गेले. त्या प्रशिक्षकाकडे रीतसर मान्यता नव्हती. त्याला तयार करणाऱ्याचा परीक्षक म्हणून अधिकारच निलंबित होता. उड्या कितीही असल्या तरी ही त्रुटी भरून निघत नाही.

म्हणून हरियाणातले नारनौल असो वा थायलंड, पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाचे रेटिंग कार्ड दाखवायला सांगा आणि त्यावरची मुदत पाहा. या विशिष्ट टँडम यंत्रणेवर शिक्षण झाले आहे का, हेही विचारा. राखीव पॅराशूट शेवटचे कधी बांधले याचे कार्ड साहित्यासोबतच ठेवलेले असते. अमेरिकेत ते दर १८० दिवसांच्या आत नव्याने बांधावे लागते. एवढे विचारल्यावर कोणी चिडले, तर पैसे न भरता परत फिरावे.

आपले,
स्कायडायव्हिंग करणारे काही वाचक, पुणे