हॉप्सलाही सीझन असतो

मा. संपादक,

नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत बीअरवरचा लेख वाचला, मजा आली, पण त्यात म्हटलंय की स्ट्राँग आणि कडू बीअर ही फक्त चढायला, चवीशी तिचा संबंध नाही, ते काही पटलं नाही. आपल्याकडे ५ टक्क्यांच्या वर गेली की स्ट्राँग, आणि ती लोक बर्फासारखी गार करून चव कळायच्या आत घशाखाली ढकलतात, म्हणून तसं वाटत असेल.

मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला असतो. इथून गाडीने दीड तासावर चिको, तिथली सिएरा नेवाडा ब्रुअरी १९८१ पासून थंडीच्या तोंडावर सेलिब्रेशन नावाची आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडवट बीअर, काढते. अल्कोहोल ६.८ टक्के. लाल डब्यावर बर्फातलं घर बघून मला आधी वाटलेलं की ख्रिसमसची आहे तर दालचिनी-लवंग असणार, पण मसाला अजिबात नाही, सगळी करामत हॉप्सची. कॅस्केड, सेंटेनियल आणि चिनूक या तीन जाती. हॉप्स म्हणजे एका वेलाची हिरवी बोंडं, आत पिवळी भुकटी असते, कडूपणा आणि वास दोन्ही तिच्यातलेच. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोडणी होते आणि वाळवलेला त्या वर्षीचा पहिला माल लगेच या बीअरमध्ये पडतो. डब्यावर फ्रेश हॉप लिहितात ते त्यासाठी, ओली बोंडं घालतात असं नाही. डंकावरून नवं तिखट आणून बरणीत भरताना कसा घमघमाट सुटतो, आणि तेच तिखट पुढच्या होळीपर्यंत नुसतं लाल उरतं, तसं समजा.

परवा यंदाचा पहिला डबा फोडला. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवला, फार गार असली तर वास दबतो. रंग तांबूस. नाकाला आधी पपनसाची साल, मागून चिडाच्या लाकडासारखं काहीतरी. पहिल्या घोटाला कॅरॅमल माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचा, गोडवा लागतो आणि वाटतं एवढंच का, तोवर कडूपणा येतो, गिळून झाल्यावर येतो आणि जिभेच्या मागे ठाण मांडून बसतो, पुढचा घोट घेतल्याशिवाय हलत नाही. बायकोने एक घोट घेतला, "काढा आहे हा" म्हणाली आणि ग्लास परत दिला. तिचंही चूक नाही.

आता माझा शहाणपणा. एकदा जूनमध्ये एका दुकानात हीच बीअर सेलमध्ये दिसली, तारीख न बघता सहा डबे उचलले. पपनस गायब, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि वर कडवट गोडसर पाणी, दोन कसेबसे संपवले, बाकीचे सिंकमध्ये. ती पहिलीच भेट असती तर मीसुद्धा तुमच्या लेखकासारखंच लिहिलं असतं.

तेव्हा त्यांनी प्यायलेल्या बीअरच्या डब्यावर तारीख काय होती, तेवढं विचारून छापाल का?

आपला,
एक वाचक, सॅक्रामेंटो