रविवारची कुलाबा किल्ला फेरी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर जमायचं आहे. ओहोटीत पायी जायचं असल्याने उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही. भरती कुणाची वाट बघत नाही!

किल्ल्यात रघुजी आंग्रे यांनी बांधलेलं गणेशमंदिर, गोड्या पाण्याचं तळं आणि चाकाच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा पाहू. तोफांवर कोरलेलं ‘यॉर्कशायर’ नक्की वाचा. मात्र तोफांवर चढून फोटो काढायचे नाहीत.

परतताना:
- कान्होजी आंग्रे (निधन १७२९) यांची समाधी
- चुंबकीय वेधशाळा (इथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात), फक्त बाहेरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेमुळे मोजमापं बिघडणार म्हणून ती १९०४ मध्ये इथे आणली.

खडकांवर शेवाळं असतं, पट्ट्याच्या चपला घाला. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.