इतर हक्काच्या रकान्यात एक ओळ: महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: संरक्षित प्राचीन स्मारकांची नोंद सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर घेण्याबाबत

महोदय,

मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्याआधी बरीच वर्षे तलाठी होतो. आता त्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात हाक अजून ‘भाऊसाहेब’ अशीच येते.

माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांत, एक हेमाडपंती देऊळ होते. केंद्र संरक्षित. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, भोवती तारेचे कुंपण आणि कुंपणाला लागून ऊस. शेजारच्या गटाची खरेदी झाली. खरेदीखत आले, मी फेरफार धरला, नोटिसा काढल्या, मुदतीत कुणाची हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली. सगळे नियमात. घेणारा तिशीतला मुलगा होता. देवळापासून पन्नासेक पावलांवर त्याने घराचा पाया खणला, सळई आणून टाकली आणि मग काम थांबवण्याची नोटीस आली. तो सातबारा घेऊनच माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊसाहेब, यावर कुठं लिहिलंय ते दाखवा.”

लिहिलेले नव्हतेच. तो फलक मी येता-जाता रोज पाहत होतो, पण उताऱ्यावर नसलेली गोष्ट कुणाला सांगायची मला सवयच नव्हती. त्याने काढलेल्या कर्जाचा बोजा मात्र आठवड्याभरात त्याच उताऱ्यावर चढला होता. तोही मीच चढवला होता.

महोदय, 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र ठरले, आणि त्यापुढचे 200 मीटर विनियमित. पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही, दुसऱ्यात परवानगी लागते. मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, मान्य. पण आपल्या राज्यात जमिनीचा कायदा माणसाला कळतो तो उताऱ्यावरून. कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, जाण्या-येण्याची वाट, सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, सगळे इतर हक्कात असते. एवढ्या गर्दीत हजार वर्षांच्या देवळाला एक ओळ मिळत नाही.

का मिळत नाही, याचे उत्तर दप्तरात आहे. पुष्कळ स्मारके इंग्रजी अमदानीतच, 1904 च्या कायद्याखाली संरक्षित झाली. त्या अधिसूचनांमध्ये जागा ओळखायची खूण म्हणजे गावाचे नाव, फार तर सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत. पुढे 1947 चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, गावोगाव योजना राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गटांच्या वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, ओढ्याने पात्र बदलले. अधिसूचना मात्र जुन्याच नंबरावर उभी राहिली. पुरातत्त्व खात्याचा माणूस यायचा तो जुना नंबर घेऊन, माझ्याकडे उतारा नव्या नंबराचा, आणि दोन्हींचा ताळा घालणारे योजनापत्रक तालुक्याला. तिथून पुढे प्रश्न यायचा की मोजणी फी कोणत्या खात्याने भरायची. त्या प्रश्नावर मी फायली म्हाताऱ्या होताना पाहिल्या आहेत.

देवळाला निदान कळस असतो, गडाला तट असतो. पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या, टेकाडाला काहीच नसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला तो झाडाची मुळे खणताना. अशा जागेचे मोल वरून पाहून कुणाला कळणार? जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीतच आहे आपल्याकडे, आणि नेणाऱ्याच्या मनात पाप नसते. टेकाड संरक्षित असेल तर ते शेतकऱ्याला सांगणारा कागद एकच, सातबारा. तोच गप्प आहे.

शहरातही वेगळे नाही. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास कित्येक जुन्या वाड्यांचा पुनर्विकास या 100 मीटरच्या अटीत अडकून आहे. तिथे सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, पण दुखणे तेच.

नोंद नसली की शेवटी काय होते, हेही सांगतो. महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात 1,655 केंद्र संरक्षित स्मारकांच्या पाहणीतून 92 बेपत्ता असल्याचे दाखवले. पुढे त्यातली बरीच सापडली. पण 2024 मध्ये केंद्राने 18 स्मारके यादीतून काढायचे ठरवले. त्यांत हरियाणातल्या मुजेसरचा कोसमिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मिनार, तोही होता. दगडी मिनार काही चालत जात नाही. त्याच्याखालच्या जमिनीचा कागद लोकांच्या हातून फिरत राहतो, आणि त्या कागदावर मिनार नसतो.

आता शेतकऱ्याच्या भीतीबद्दल. “नोंद पडली की जमीन गेली” असे लोक म्हणतील, आणि सरकारी शेऱ्यांचा आजवरचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून माझी विनंती नीट वाचावी. स्मारक संरक्षित झाल्याने मालकी आपोआप सरकारची होत नाही. तेव्हा कब्जेदाराचे नाव जसेच्या तसे राहू द्या, भोगवटा वर्ग बदलू नका, पीकपाणी चालू ठेवा. फक्त इतर हक्कात ओळ घ्या, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारखेसह. स्मारक ज्या गटात आहे त्यावर एक शब्दरचना, 100 मीटरच्या पट्ट्यातल्या गटांवर दुसरी, विनियमित पट्ट्यासाठी तिसरी. सरसकट एकच शिक्का मारला तर तीनशे मीटरवरच्या माणसालाही वाटेल की आपले घर गेले. नोंदीआधी जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे नोटीस द्या, हरकती ऐका. जमिनीचा भाव थोडा उतरेल, हे मी लपवत नाही. पण तो आज फसून चढलेला आहे.

हद्द ठरल्याशिवाय 100 मीटर मोजणार कुठून? म्हणून आधी भूमी अभिलेख आणि पुरातत्त्व यांची संयुक्त मोजणी हवी, मोजणीच्या नकाशाची क प्रत दोन्ही खात्यांनी सही केलेली हवी, आणि फी माफ हवी. ती माफी आपल्या एका शासन निर्णयाने होईल. केंद्राची यादी वेगळी, राज्याची 1960 च्या कायद्याखालची वेगळी. दोन्ही घ्याव्या लागतील. स्मारकांच्या सीमांचे नकाशे इस्रोच्या मदतीने तयार झाले आहेत, गावनकाशे संगणकावर आले आहेत. एकावर एक ठेवायचे काम उरले आहे. दुय्यम निबंधकाच्या पडद्यावरही हा शेरा दिसला पाहिजे, नाहीतर खरेदीखत आधी होईल आणि शहाणपण नंतर येईल.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले 11 आपल्या राज्यातले. सुरुवात या अकरांच्या पायथ्याच्या गावांपासून करा. तिथे आता जमिनीचे व्यवहार वाढणार, हे सांगायला महसूल खात्यातला माणूस असावा लागत नाही.

त्या मुलाच्या गटाचा उतारा मी गेल्या आठवड्यात पुन्हा काढला, या वेळी मोबाइलवर. डिजिटल सही आहे, अक्षर स्वच्छ आहे. बँकेचा बोजा अजून आहे, म्हणजे उभे न राहिलेल्या घराचे हप्ते तो भरतो आहे. देवळाचा उल्लेख नाही. गट विकायला काढलाय म्हणे.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी