अंतराळातल्या विमानयुद्धाचा गेम म्हणून भलत्याच प्रकारचा गेम विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘स्टार फॉक्स ॲडव्हेंचर्स’ या गेमची जुनी डिस्क साडेचार हजार रुपये भरून मागवली. पार्सल लातूरला वेळेवर आलं, डिस्कवर ओरखडा नाही, डबीसुद्धा धड आहे. तक्रार त्याबद्दल नाही. जे सांगून विकलं ते हे नव्हे, ही तक्रार आहे. आणि त्यावर तुमच्या ग्राहक सेवेने दिलेलं उत्तर मला मान्य नाही.

चुलतभावाने अमेरिकेहून आणलेला निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा व्हिडिओ गेमचा कन्सोल आमच्या घरी आहे. त्यात याच मालिकेतला, विमानयुद्धाचा ‘स्टार फॉक्स ६४’ आधीपासून होता. १९९७ चा गेम, पण पुतण्याने आणि मी त्याचा पिच्छा सोडलेला नाही. पहिल्याच ग्रहावर, कॉर्नेरियावर, फाल्को या साथीदाराला शत्रूपासून सोडवायचं, मग पाण्यावरच्या दगडी कमानींमधून विमान काढायचं, एकही कमान चुकवायची नाही. जमलं की फाल्को धबधब्याआडची वाट दाखवतो आणि पुढचा सगळा मार्गच बदलतो. यासाठी आम्ही कन्सोल लावतो. असंच आणखी काही खेळायला मिळावं म्हणून तुमच्याकडे शोधलं.

तुमच्या पानावर ही डिस्क ‘स्पेस शूटर’ या विभागात होती. फोटोत मालिकेतलं आर्विंग नावाचं लढाऊ विमान. खाली वर्णन असं, की चार जणांच्या तुकडीने शत्रूची विमानं पाडायची आणि दर वेळी वेगळा मार्ग धरून व्हेनम ग्रह गाठायचा. हे वर्णन शब्दाशब्दाने ‘स्टार फॉक्स ६४’ला लागू पडतं, या डिस्कला नाही. म्हणजे कुणीतरी एका गेमची माहिती उचलून दुसऱ्याच्या पानावर चिकटवली आहे.

डिस्कमध्ये काय आहे ते सांगतो. सुरुवात होते ती क्रिस्टल नावाच्या नायिकेपासून, उडणाऱ्या डायनासोरच्या पाठीवर. नंतर मालिकेचा नायक फॉक्स थोडं विमान उडवून ग्रहावर उतरतो आणि तिथून सगळा खेळ पायी. बंदूकसुद्धा नाही, हातात जादूची काठी. दगडी ठोकळे ढकला, मशाली पेटवा, ट्रिकी नावाच्या डायनासोरच्या पिल्लाला अळंबी चारा, दुकानातून वस्तू घ्या, मंत्रशक्तीचे दगड आणि आत्मे गोळा करा. विमान मिळतं ते ग्रहाच्या तुटलेल्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यापुरतं. सोनेरी कड्यांमधून उडत गेलं की संपलं. शेवटी मालिकेतला खलनायक अँड्रॉस याच्याशी विमानातून एक लढाई आहे, पण तिथपर्यंत पोचायला बरेच दिवस लागतात. पुतण्या शेजारी बसून सारखा विचारत होता, “काका, इमान कवा येणार?” त्याला सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेम वाईट आहे असं मी म्हणत नाही. फॉक्सच्या अंगावरची लव, पाणी, जुनी देवळं, २००२ सालच्या मानाने फार देखणं काम आहे. ज्याला जादू आणि कोडी आवडतात त्याने जरूर घ्यावा. आम्हाला तो नको होता.

तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर दोन ओळींचं. गेम त्याच मालिकेतला आहे, म्हणून विभाग बरोबर आहे. आणि पॅकिंग उघडलं, म्हणून परत घेता येणार नाही.

मालिका एक म्हणून प्रकार एक होत नाही. हा गेम मुळात ‘डायनासोर प्लॅनेट’ या नावाने ‘निन्टेन्डो ६४’ या जुन्या कन्सोलसाठी रेअर कंपनीत तयार होत होता, त्याचा या मालिकेशी संबंधच नव्हता. त्यातला नायक फॉक्ससारखा दिसतो हे निन्टेन्डोचे गेम-निर्माते शिगेरू मियामोतो यांच्या लक्षात आलं, त्यांच्या सुचवण्यावरून तो स्टार फॉक्स झाला आणि पुढे निन्टेन्डोच्याच ‘गेमक्यूब’ या कन्सोलवर आला. जुने गेम विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना हे ठाऊक असायला हवं. पोत्यावर तूर लिहून आत हरभरा भरला आणि ‘दोन्ही कडधान्यंच की’ म्हणून सांगितलं, तर लातूरच्या आडत बाजारात त्या माणसाचा माल पुन्हा कोण घेईल?

आणि पॅकिंग उघडल्याशिवाय, डिस्क कन्सोलमध्ये घातल्याशिवाय, आत काय आहे हे मला कळणार तरी कसं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्याच नियमांत आहे.

आणखी एक. मूळ गेमक्यूबचा हा गेम वीवर खेळायचा तर गेमक्यूबचा कंट्रोलर आणि खेळ साठवायला मेमरी कार्ड लागतं. तुमच्या पानावर नुसतं ‘वीवर चालतो’ एवढंच लिहिलं आहे. माझ्याकडे दोन्ही होतं म्हणून निभावलं. ज्याच्याकडे नसेल त्याने काय करायचं?

डिस्क आणि डबी आहे तशी परत पाठवायला मी तयार आहे. पूर्ण रक्कम परत करावी आणि परतीचा कुरिअर खर्च तुम्ही सोसावा. त्या पानावरचं वर्णन, फोटो आणि विभाग बदलावा, हे मी पैशांइतक्याच आग्रहाने मागतो. आमच्या भागात असे गेम दुकानात हाताळून घ्यायची सोय नाही. पानावर जे लिहिलं असेल त्यावर विश्वास ठेवूनच पैसे भरावे लागतात.

महिनाभरात निवारण झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे.

पावती, डिस्कचे फोटो, त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर सोबत जोडलं आहे.

कळावे,
आपला ग्राहक,
लातूर