क्युबिट किती, यावर सगळे ठरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील क्वांटम संगणकावरचा लेख काल दोनदा वाचला. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक. ‘पन्नासहून अधिक क्युबिटचे गणित नेहमीच्या संगणकाला अशक्य आहे’ हे त्यात ठळक चौकटीत छापलेले वाक्य चुकीचे आहे, आणि याच चुकीचा फटका माझ्या एका विद्यार्थिनीला बसलेला असल्यामुळे मला गप्प राहवत नाही.

सहा वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात तिने १००० क्युबिटच्या सर्किटचे (क्युबिटवर क्रमाने करायच्या क्रियांच्या मालिकेचे) सिम्युलेशन, म्हणजे नक्कल, प्रयोगशाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर करून दाखवले होते. १००० क्युबिटची अवस्था लिहायला सर्वसाधारणपणे किती आकडे लागतात हे सांगण्यासाठी परीक्षकांनी फळ्यावर दोनाचा हजारावा घात लिहिला, इतके आकडे साठवायला विश्वातले अणूही पुरणार नाहीत असे सुनावले, आणि प्रोग्रॅम एकदाही न चालवता ते पुढच्या टेबलाकडे गेले. वास्तविक तिने तितके आकडे साठवलेच नव्हते. तिच्या सर्किटमध्ये हॅडामार्ड, फेज आणि सी-नॉट एवढीच गेट, म्हणजे क्युबिटवरच्या मूलभूत क्रिया, होती. अशा सर्किटची अवस्था लिहिण्यासाठी ती अवाढव्य यादी लागत नाही. ज्या क्रियांनी ती अवस्था बदलत नाही, त्या क्रियांचा तक्ता ठेवला आणि प्रत्येक गेटगणिक तो सुधारत नेला की काम भागते. १००० क्युबिटसाठी हा तक्ता सुमारे ४० लाख बिटचा, म्हणजे अर्ध्या मेगाबाइटचा होतो. डॅनियल गॉट्समन यांनी १९९८ मध्ये इमॅन्युएल निल यांना श्रेय देऊन हे प्रमेय मांडले आणि २००४ मध्ये स्कॉट आरनसन व गॉट्समन यांनी ती पद्धत आणखी वेगवान केली. हजारही क्युबिटचे परस्परांत एन्टँगलमेंट असले, म्हणजे त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी ती चालते, हे तर मला आजही विलक्षण वाटते. खरी अडचण या तिन्हींपलीकडचे टी-गेट सर्किटमध्ये मिसळू लागल्यावर सुरू होते आणि त्यांची संख्या वाढेल तसे काम झपाट्याने अवघड होत जाते.

गुगलच्या ५३ क्युबिटच्या सिकॅमोर या क्वांटम चिपचा २०१९ मधला दावा लेखात जसाच्या तसा दिला आहे : २०० सेकंदांच्या कामाला महासंगणकाची १०,००० वर्षे. त्याच आठवड्यात आयबीएमने अडीच दिवसांचा हिशेब मांडला होता आणि २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी ५१२ जीपीयूंवर (ग्राफिक्स प्रोसेसरांवर) ते काम सुमारे १५ तासांत केले, हे मात्र लेखात कुठेच नाही. स्वतः आयबीएमने जून २०२३ मध्ये १२७ क्युबिटवर केलेल्या प्रयोगाचे गणितही काही आठवड्यांतच टेन्सर नेटवर्कसारख्या (मोठे गणित लहान तुकड्यांच्या जाळ्यात मांडणाऱ्या) पद्धतींनी नेहमीच्या संगणकांवर सुटले. यामुळे क्वांटम संगणकाचे महत्त्व कमी होते असे मी म्हणत नाही. कोणतेही सर्किट झटपट सोडवणारी पद्धत कोणालाच सापडलेली नाही, आणि म्हणूनच कोणते सर्किट सोपे व कोणते अवघड हे वाचकांना सांगणे गरजेचे होते.

जाता जाता छायाचित्राविषयी. सोनेरी झुंबरासारख्या ज्या वस्तूखाली ‘क्वांटम संगणक’ असे छापले आहे, तिचा बहुतेक भाग ही शीतयंत्रणा आहे; गणित करणारी छोटी चिप तिच्या तळाशी असते.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तशाच चौकटीत छापावी, ही विनंती. त्या मुलीला कात्रण पाठवायचे आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली