शेपटीला हात लावून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, बातमी तुमच्या पानावर वाचली. पहिली जोडी कोणाची, किती सेकंदांत आली, बक्षीस किती, उद्घाटनाला कोण कोण होतं, सगळं आलं. बैलांचं तेवढं राहिलं.

मी शेतकरी आहे. पटाच्या विरोधातला नाही. वडलांच्या खांद्यावर बसून पट पाहिलाय, आजही जोडी सुटली की काळजात धडधडतं. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, पण अटींवर. 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला तोही या नियमांसकट. काठी नको, चाबूक नको, विजेचा झटका नको, धाव 1000 मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी. बैलाला वाचता आलं असतं तर तोही खूश झाला असता.

आता पराणी, म्हणजे टोचायची काठी, घरी ठेवून येतात, कारण ती मोबाईलच्या व्हिडिओत दिसते. शेपूट मात्र बैलासोबतच येते. सुटायच्या जागी दोन-तीन गडी मागं उभे राहून ती मुठीत धरून पिरगाळतात, एखादा दातानं चावतो. बैलाचे डोळे पांढरे होतात. वर लाऊडस्पीकरवाला ओरडतो, काय जोश आहे बघा!

आमच्या शेजाऱ्यानं पटावर पळवलेला एक बैल विकत घेतला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या सांजेला मी तिथंच होतो. खांद्याला हळद-तूप लावून घेताना बैल मान पुढं करून शांत उभा. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत शेजाऱ्याचा हात पाठीवरून मागं गेला, तशी त्यानं लाथ झाडली. मग सावकाश चाचपलं तर शेपटीत दोन ठिकाणी गाठी लागल्या. त्याखालचा भाग नुसता लोंबत होता. गोंड्याजवळ माशा बसल्या तरी हलत नव्हता.

शर्यती आहेत म्हणून गावरान जाती टिकल्या, असंही सांगतात. खिल्लारपुरतं असेल खरं. आमची लाल कंधारी नि देवणी लोकांनी सांभाळली ती औतासाठी नि दुधासाठी.

माझं मागणं छोटं आहे. डॉक्टरची तपासणी धावेच्या आधी होते, तशी धाव संपल्यावर जू उतरवतानाही व्हावी. शेपटीला हात लावून बघावं. ताजी सूज किंवा जखम सापडली तर जोडी बाद, मग ती पहिली आलेली का असेना. आणि सगळे कॅमेरे शेवटच्या निशाणाकडं लावतात, त्यातला एक सुटायच्या जागी लावावा.

तुमच्या बातमीदारालाही एक सांगा. पुढच्या पटाला गेला की पहिल्या जोडीची वेळ लिहून घेतो, तसं आयोजकांना विचारावं, आज किती जोड्या बाद केल्या? तो आकडाही छापा.

– एक शेतकरी, ता. सेनगाव, जि. हिंगोली