पिरेअसची व्यापारी बाजू

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अथेन्सच्या पिरेअस बंदरावरचा लेख वाचला. युद्धनौका ओढून ठेवण्याच्या नौकागृहांची माहिती त्यात उत्तम आली आहे. मात्र सारा लेख आरमारावरच खर्ची पडल्याने पिरेअस ही ग्रीक जगातील एक प्रमुख बाजारपेठही होती, ही बाब झाकली गेली.

इ.स.पू. ३३०च्या सुमाराच्या कोरीव नोंदींत ३७२ नौकागृहे आहेत, पिरेअसच्या तीन बंदरांपैकी १९६ झेआत, ८२ मुनिखियात आणि ९४ कंथारोसमध्ये. व्यापारी जहाजे लागत ती यांतील सर्वांत मोठ्या कंथारोसमध्ये आणि तेथे आजही बोटींची अखंड ये-जा चालू असल्यामुळे उत्खननाला फारसा वाव उरलेला नाही. म्हणूनच व्यापाराचा शोध घेताना शिलालेखांकडे वळावे लागते. बाजारपेठेची हद्द दाखवणारे इ.स.पू. पाचव्या शतकातील दगड सापडले आहेत. बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा दोन जकात होती आणि तिच्या वसुलीचा मक्ता लिलावाने दिला जाई.

१९७० साली अथेन्सच्या अगोरात, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, सापडलेला इ.स.पू. ३७५-७४चा नाण्यांविषयीचा कायदा तर मुळातूनच वाचावा असा आहे. जहाजमालक व व्यापारी यांच्यासाठी पिरेअसमध्ये स्वतंत्र नाणेपारखी नेमावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा पारखी सरकारी गुलाम असे. आत तांबे किंवा शिसे असलेले खोटे नाणे हाती आले की त्याने ते तिथल्या तिथे कापायचे. पारख झालेले खरे नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवशीचा माल जप्त व्हायचा. आणि पारखी स्वतः जागेवर बसला नाही, तर त्याला पन्नास फटके. परक्या मुलखातून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला या पेठेचा भरवसा का वाटत असे, ते या कलमांवरून जितके कळते तितके तटबंदीच्या दगडांवरून कळत नाही.

सागरी कर्जांचेही तसेच. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस याच्या नावावरील एका न्यायालयीन भाषणात असा करारच उद्धृत आहे: काळ्या समुद्राच्या सफरीसाठी हजारी २२५ व्याज, परतीला उशीर होऊन शरदातील वादळांचा काळ गाठला तर ३००. असे कर्ज जहाज सुखरूप परतले तरच फेडायचे असे.

लेखकमहोदयांचा अभ्यास पाहता त्यांनी कंथारोसच्या या व्यापारी बाजूवर दुसरा लेख लिहावा आणि आपण तो अवश्य छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा